पार्वतीकाकूंचा नंबर

शनिवारी दुपारी अनिशला खिमट भरवायचं, त्याचं तोंड पुसायचं आणि त्याला मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं, एवढं एकच काम देवयानीला अख्ख्या आठवड्यात वेळेवर जमत असे. बाकी सगळ्याला उशीर. आंघोळीला उशीर, दुपटी वाळत घालायला उशीर, आणि ज्या सिनेमावर बोलायचं तो पाहायलाही उशीर. मांडीवर झोपलेलं पोर उठू नये म्हणून ती आवाज बंद करून, नुसत्या खालच्या अक्षरांवर सिनेमा बघायची आणि मग चारचौघांत त्याच्या संगीताबद्दल मत द्यायची. आपण आई म्हणून जशा आहोत तशाच प्रेक्षक म्हणूनही आहोत, असं तिला वाटे. सगळं अर्धवट, चेहरा मात्र पूर्ण लक्ष असल्याचा.

गुरुग्रामच्या त्या उंच सोसायटीत त्या हिवाळ्यात खिडकी उघडायची सोय नव्हती. बाहेरचा धूर काचेला असा चिकटून असायचा की समोरचा टॉवर दुपारीसुद्धा दिसेनासा होई. दाराच्या फटीतून जळक्या पाचोळ्याचा वास आत यायचा. घरात हवा साफ करणारं यंत्र दिवसभर घरघरत असायचं, आणि त्या घरघरीखाली अनिशच्या छातीतली घरघर ऐकू येतेय का, हे देवयानी कान देऊन ऐकत असायची. डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितली होती आणि घाबरू नका असंही सांगितलं होतं. त्यातलं वाफेचं तिला जमलं होतं.

शनिवारची ही बैठक सुरू केली पार्वतीकाकूंनी. त्या देवयानीच्या सासूबाई. नवऱ्याच्या केंद्र सरकारातल्या नोकरीपायी तरुणपणीच दिल्लीला आल्या, क्वार्टरमागून क्वार्टर बदलत राहिल्या, आणि प्रत्येक क्वार्टरमध्ये सिनेमावर बोलायला एखादं मराठी माणूस शोधत राहिल्या. म्हातारपणी मुलाने व्हिडिओ कॉल शिकवल्यावर त्यांनी उरलेल्या सगळ्यांना एकत्र केलं. आठवडाभरात प्रत्येकाने आपापल्या घरी तोच सिनेमा पाहायचा, शनिवारी वयाच्या क्रमाने मत द्यायचं, आणि एकाचा नंबर चालू असताना बाकीच्यांनी माइक बंद ठेवून गप्प बसायचं. पहिला नंबर गुणवंतकाकांचा. ते निवृत्त झाल्यापासून दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला एकटेच राहत, आणि हल्लीचे सिनेमे इतक्या अंधारात काढतात की वीजबिल वाचवतात की काय, अशी त्यांची कायमची तक्रार. दुसरा नंबर काकूंचा. मग सरकारी क्वार्टरमधल्या हेमलताताईंचा. त्या कुठलाही सिनेमा त्यातल्या स्वयंपाकघरावरून जोखायच्या. ‘एवढी भांडी चकचकीत? म्हणजे ही बाई घरात राहतच नाही. मला पटलं नाही. चलो, पुढे.’

काकूंची खोड एकच. शेवट त्यांच्या पोटात राहत नसे. कुणाचा सिनेमा बघायचा राहिला असेल तर त्यालाच आधी गाठून त्या शेवट सांगून टाकत.

अनिश पोटात असताना, उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गेल्या. नातवाचं त्यांनी पाहिलं ते सोनोग्राफीतलं करडं धुकं तेवढं. चष्मा पुसून पुसून त्यांनी विचारलं होतं, यातला हिरो कुठला गं? देवयानी आणि सुधन्वा, तिचा नवरा, दोघंही हसले होते. सांगू, नीट दाखवू, असं म्हणाले होते.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी गुणवंतकाकांनी आपलं बोलणं संपवलं आणि सवयीने म्हणाले, “हं, पार्वतीबाई, बोला आता.” आणि मग कुणालाच पुढे बोलवेना. काकांनी चष्मा काढला. बऱ्याच वेळाने हेमलताताई म्हणाल्या की काकूंचा नंबर असाच राहू दे. त्यांना बोलायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ आपण गप्प बसू. ती प्रथाच पडली. काका दर शनिवारी त्यांना बोलवत, सगळे माइक बंद करत, आणि पडद्यावर आपापल्या चौकटीत मान खाली घालून बसत. अनिश झाल्यावर देवयानी त्यालाही घेऊन बसू लागली. तिचा एकटीचा माइक चालू असे, कारण एका हाताने पोर सांभाळताना ते बटण तिला कधी सापडतच नसे.

दिवाळीनंतर गटात जयेश आला. हेमलताताईंचा भाचा, मानेसरच्या एका कारखान्यात नवा इंजिनियर. शनिवारी त्याची शिफ्ट असायची, म्हणून त्याच्यासाठी कॉल रेकॉर्ड होऊ लागला. तो कंपनीच्या बसमध्ये कानात घालून ऐकायचा आणि मग आपलं मत लिहून पाठवायचा. काकूंबद्दल त्याला देवयानीने सांगितलं असेल असं हेमलताताईंना वाटलं, आणि हेमलताताईंनी सांगितलं असेल असं देवयानीला.

एके दिवशी त्याचा फोन आला. जरा बिचकतच बोलत होता.

“ताई, एक सांगू का? काकांच्या नंतर त्या काकू बोलतात ना, त्या मस्तच बोलतात. पण शेवट सांगून टाकतात यार. माझा अजून बघून झालेला नसतो. तुम्ही जरा सांगाल त्यांना?”

देवयानीला आधी राग आला. असली थट्टा कुणी करतं? पण आवाजात थट्टा नव्हती. तिने हळूच विचारलं, काय म्हणाल्या काकू? त्याने सांगितलं. हिरो रडला की त्या म्हणतात, याला आधी कुणीतरी जेवायला घाला. नायिकेच्या सासूला त्या ‘आपली बाई’ म्हणतात. आणि मधे मधे थांबतात तेव्हा एक बाळ हसतं. जयेशला वाटत होतं, ते त्यांचंच नातवंड.

फोन ठेवून तिने रेकॉर्डिंग लावलं. काकांचं ‘हं, पार्वतीबाई, बोला आता’. मग यंत्राची घरघर. मग काहीच नाही. आणि त्या काहीच नसलेल्यात अनिशचं हसू. थोडं थांबून पुन्हा. कुणीतरी वाक्य संपवावं आणि त्याने हसावं, तसं. त्या वेळी तो मांडीवरून सोफ्याच्या डाव्या टोकाकडे बघत असतो, हे तिला तेव्हा आठवलं. आईंची, म्हणजे सासूबाईंची, जागा ती.

भीती वाटायला हवी होती. वाटलं मात्र भलतंच. तिला हेवा वाटला. ज्याने आईंना कधी पाहिलं नाही त्या मानेसरच्या पोराला त्या ऐकू येतात, आणि आपण, ज्यांनी त्यांच्या पायांना तेल लावलं, त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, आपल्याला एक अक्षर नाही. तिने जयेशला खरं सांगितलंच नाही. दर आठवड्याला ती त्याला फोन करायची आणि काकू काय म्हणाल्या ते विचारायची. तो आपला भाबडेपणाने सांगायचा. ती वरण ढवळता ढवळता ऐकायची, हसायची, आणि फोन ठेवल्यावर रडायची. सुधन्वाने विचारलं तर कांदा चिरला म्हणायची.

मग जानेवारीत एकदा जयेश म्हणाला, “या वेळी काकू वेगळ्याच कुठल्यातरी सिनेमाबद्दल बोलल्या. मी शोधला, सापडत नाहीये.”

“कसला सिनेमा?”

“एक उंच बिल्डिंग आहे. चहूकडे धूर. घरात एक बाई आणि तिचं बाळ. ती बाई सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरते, श्वास चालू आहे का बघायला. काकू म्हणाल्या, पोरगी वेडी आहे, पण गुणाची आहे.”

देवयानीने गॅस बंद केला. “शेवट?”

“तेच तर ना ताई. शेवट नाही सांगितला. म्हणाल्या, हा मी सांगणार नाही… मला वाटतं, त्या रडत होत्या.”

त्या आठवड्यात देवयानी झोपली अशी नाहीच. अनिशच्या नाकाखालचं बोट तिने काढलं नाही. शेवटी तिने सुधन्वाला सगळं सांगितलं. त्याने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, डोळे मिटून, फार मन लावून. त्यालाही काही ऐकू आलं नाही. इयरफोन काढताना त्याचा चेहरा पडला होता.

“माझी आई आहे ती,” तो म्हणाला. “तिला भूत करू नकोस, देवयानी.”

“त्या त्याला न्यायला आल्या असतील तर?”

“आई? तिने तर त्याला पाहिलंसुद्धा नाही गं.”

“म्हणूनच…” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने जयेशला खरं काय ते सांगून टाकलं. फोटो पाठवला, आईंचे जुने व्हिडिओ पाठवले, त्या कशा होत्या, कशा गेल्या, सगळं. पुढच्या रेकॉर्डिंगनंतर त्याचा फोन आला. “ताई, आज काकू बोलल्याच नाहीत. नुसता बाळाचा आवाज आहे. खरंच सांगतो.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्यांना आई माहीत होत्या त्यांच्यापैकी कुणालाच त्या ऐकू येत नव्हत्या. आता जयेशलाही माहीत झाल्या. उरला एकटा अनिश.

आतल्या खोलीतला हार घातलेला फोटो तिने बाहेर आणला. दिवसभर, भरवताना, वाफ देताना, ती अनिशला तो दाखवत राहिली. ही तुझी आजी. ही बघ, ही हसतेय. हा आजीचा आवाज, हे आजीचं गाणं. कुठलीही आई जे मायेने करते ते ती दार लावून घ्यावं तसं करत होती, आणि हे तिचं तिलाही कळत होतं. आठवडा सरता सरता ‘आजी कुठंय?’ म्हटलं की अनिश बोट दाखवू लागला. सुधन्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. देवयानी स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या शनिवारी काकूंच्या नंबरला अनिश हसला नाही. चमचा आपटत बसला. सोफ्याच्या टोकाकडे त्याने एकदा पाहिलं, पाहिलं न पाहिल्यासारखं, आणि पुन्हा चमच्याकडे वळला. देवयानीने सुटकेचा श्वास सोडला आणि तो सोडता सोडताच तिला हुंदका आला. उन्हाळ्यात घरातून माणूस गेलं होतं. घर रिकामं झालं ते आज. हेमलताताईंनी माइक चालू करून विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, धुराने डोळे चुरचुरतात.

पुढच्या शनिवारी जयेशला सुट्टी होती. तो पहिल्यांदाच समोरासमोर कॉलवर आला. केस चापून बसवलेले, मागे भाड्याच्या खोलीची निळी भिंत. काकांनी त्याला चिडवलं की सिनेमापेक्षा तूच जास्त उजेडात दिसतोस. सगळे हसले. मग काकांनी आपलं मत सांगितलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “हं, पार्वतीबाई, बोला आता.”

माइक बंद झाले. माना खाली गेल्या.

बाहेर धूर काचेला टेकला होता. यंत्र घरघरत होतं. अनिशच्या हातातला चमचा थांबला. त्याने मान वर केली. सोफ्याकडे नाही. बाल्कनीच्या दाराकडे. तिथे त्याची नजर थोडा वेळ स्थिर राहिली, मग हळूहळू आत येऊ लागली. गालिच्यावरून, टीपॉयच्या कडेने, खोलीत शिरलेल्या माणसाबरोबर फिरावी तशी. तो हसला नाही. नजर अगदी जवळ आली तेव्हा त्याने देवयानीच्या मानेत तोंड खुपसलं.

पडद्यावर जयेशने डोकं वर केलं होतं. प्रथा मोडून त्याने माइक चालू केला.

“ताई… कुणीतरी बोलतंय.”

हेमलताताई दबक्या आवाजात म्हणाल्या, “जयेश, इथे थट्टा चालत नाही रे.”

“थट्टा नाही, आत्या. आणि काकू नाहीत या. काकूंचा आवाज मी आठवडेच्या आठवडे ऐकलाय. हा… हा मी कधी ऐकलेला नाही.”

“काय म्हणतोय?” देवयानीने विचारलं. तिचाच आवाज तिला लांबून आला.

जयेश ऐकत होता, आणि ऐकता ऐकता पडद्यापासून मागे मागे सरकत होता. मग म्हणाला, “तुम्ही बाळाला घेऊन उठा तिथून. आधी उठा, ताई.”

तिने लॅपटॉप मिटला. पोराला घट्ट धरून उठणार, तोच तिच्या ध्यानात आलं. दर शनिवारी आपण सगळ्यांनी मिळून एक जागा रिकामी ठेवली, दार उघडं ठेवावं तशी, आणि त्या जागेवर एक म्हातारी कुणालाही पुढे येऊ न देता बसून राहिली. शेवट माहीत असून. सिनेमाच्या गप्पा मारत, पोराला हसवत. आणि तिला आपण उठवलं. देवयानीने सोफ्याच्या डाव्या टोकाकडे पाहिलं आणि कुजबुजत म्हणाली, “आई… या ना.”

कुणी आलं नाही.

अनिश मानेत तोंड खुपसून गच्च बसला होता. त्याचा उष्ण श्वास तिच्या गळ्याला लागत होता, एक, मग थोडं थांबून दुसरा. एक पाय तिच्या कुशीत होता, दुसरा मांडीवरून खाली लोंबत होता. लिफ्टमध्ये अनोळखी बायका ‘अले अले’ करत त्याचा पाय धरायला गेल्या की तो झटकन आखडून घ्यायचा. तसाच आत्ता त्याने तो आखडायला पाहिला. गुडघा वाकला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच अडला. पायमोजा मात्र बोटांपाशी हळूहळू ताणला जात होता.