आधी उमटलेले ठिपके

माझं काम मोजण्याचं. दादा चिडवायचा, "बशीतली भोकं मोजायला पगार देतात तुला? मलाही चिकटव की तिथे. दोन डोळे माझेही आहेत."

भोकं म्हणजे काय, ते सांगते. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. ते इतके बारीक की आमच्या रोजच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. म्हणून चपट्या बशीत, आगर नावाच्या खळीसारख्या पातळ जेलीत जिवाणू आणि फाज एकत्र ओतायचे आणि बशी इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची. सकाळपर्यंत जिवाणूंची साय धरते, आणि जिथे एकेक फाज पडला तिथे सायीत स्वच्छ गोल खिडकी उघडलेली असते. खिडक्या मोजल्या की फाज किती ते कळतं. एकच खिडकी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मोजता मोजता बशीच्या पाठीवर पेनाने ठिपका द्यायचा. एकवीस वर्षं मी निळे ठिपके देत आले, तोंडाने एखादं पद गुणगुणत.

मग दादा शिडीवरून पडला. गुडघ्याखाली जखम झाली, आणि जखमेतला जिवाणू कुठल्याच औषधाला दाद देईना. सर्जन म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबू. मग पाय काढावा लागेल. आणि तेवढ्यानेही भागेल, असं मी म्हणत नाही."

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, त्यांनी तो जिवाणू मागवून घेतला. "याला खाणारा कुठेतरी असणारच. हुडकू." परवानगीचे कागद त्यांनी त्याच दिवशी पुढे धाडले. मी गटारांचं, तळ्यांचं, गोठ्यामागच्या डबक्यांचं पाणी गोळा केलं. तेवीस बाटल्या.

सोमवारी सकाळी दुसऱ्याच एका कामाच्या बशा काढल्या, तर पाठीवर ठिपके. करडे, बारीक, नेटके. प्रत्येक खिडकीवर बरोबर एक.

"तू मोजल्यास का या?" मी शेजारच्या टेबलावरच्या भिंगाला विचारलं. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे भिंगच म्हणतात.

"स्वतःचं मोजताना जीव जातो माझा. तुझं कशाला अंगावर घेऊ?"

मी ठिपके स्पिरिटने पुसले. इस्पितळाच्या खेपांनी डोकं ठिकाणावर नाही, असं स्वतःला समजावलं. त्या दुपारी मुद्दाम नव्या बशा ओतल्या, एकेकीची पाठ उजेडात धरून पाहिली आणि मगच आत ठेवल्या. एक बशी फाज न घातलेली, नुसत्या जिवाणूंची.

दोन तासांनी इन्क्युबेटर उघडला. साय धरायची होती अजून. आगर पाण्यासारखं नितळ.

पाठीवर ठिपके होते.

फाज न घातलेल्या बशीवर एकही नव्हता.

मंगळवारी सकाळी पाहिलं. जिथे ठिपका, तिथेच खिडकी. एकही इकडेतिकडे नाही. मी बशा मोजून वहीत नोंदवल्या.

त्याच सकाळी दादाच्या तेवीस बशाही निघाल्या, प्रत्येकीत त्याचे जिवाणू आणि एकेका बाटलीचं पाणी. सगळ्यांवर साय सलग, जाड, कुठे टाचणीएवढीही फट नाही. बाईंनी एकेक बशी उजेडात धरली आणि खाली ठेवली. "नाही गं. टाकून दे. दुपारी आणखी पाणी आणू."

टाकायच्या पिशवीत घालताना सतराव्या बशीची पाठ दिसली. कडेला एक करडा ठिपका. एकच.

वर साय जशीच्या तशी.

आमच्यात नियम आहे: खिडकी दिसल्याशिवाय टोचायचं नाही. मी पिपेटचं टोक घेतलं आणि ठिपक्याच्या बरोबर वर, त्या भरल्या सायीत खुपसलं.

"काय करतेयस?" भिंग म्हणाला. "तिथे काहीच नाहीये."

"दिसत नाहीये," मी म्हटलं.

ते टोक नळीतल्या, दादाचे जिवाणू वाढवलेल्या गढूळ रश्शात बुडवलं. हात जोडले की नाही आठवत नाही. जोडले असतील.

बुधवारी सकाळी रस्सा झऱ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ होता.

बाईंनी ती नळी उजेडात नेली आणि आडवी-उभी फिरवून पाहिली. मला एवढंच म्हणाल्या, "कुठून काढलास, ते नंतर सांग." मग दोन दिवस गाळणं, धुणं, मोजणं. एका थेंबात किती, ते चुकून चालणार नव्हतं. मी मोजलं, भिंगाने मला न विचारता वेगळं मोजलं, आणि दोघांचे आकडे जुळले. शनिवारी दुपारी सर्जननी सुरी बाजूला ठेवून जखमेत पहिले थेंब सोडले. मी तेव्हा पुढच्या डोसाच्या बशा मोजत बसले होते.

मंगळवारी ताप उतरला. महिन्याभराने दादा स्वतःच्या दोन पायांवर घरी आला.

देणारा कोण, हे मला आजही ठाऊक नाही. पण ज्याने दिलं त्याचे उपकार मानायला नाव कशाला लागतं? रोज सकाळी पहिली बशी उचलण्याआधी मी डोळे मिटते आणि मनातल्या मनात पायांवर डोकं ठेवते. त्या आठवड्यानंतर ठिपके कधी आले नाहीत.

परवा दादा अंगणात खुर्ची टाकून पाय उन्हाला देत बसला होता. मी भाजी निवडत होते.

"त्या शनिवारी तू किती वेळ बसली होतीस गं माझ्या पायाशी?"

"मी कुठे? मी कामावर होते."

"अगं, तूच. पायावर पेनाचं टोक टेकवत होतीस. एक, दोन, तीन... गुदगुल्या होत होत्या. डोळे उघडवत नव्हते नीट, नाहीतर ओरडलो असतो. शंभराच्या पुढे गेलीस आणि थांबलीस."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मग?"

"मग उठून शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांकडे गेलीस."

मास्तर त्याच संध्याकाळी गेले. दादाला आम्ही ते अजून सांगितलेलं नाही.

"त्यांचंही मोजलं?" मी विचारलं.

दादाने जरा आठवून पाहिलं.

"नाही. तिथे नुसतं पांघरूण सारखं केलं."