दोन बोटं कमी

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पहिलीचा वर्ग झाडायला मी स्वतः जायचे. चपराशी धोंडबा होता, झाडूही त्याचाच, पण त्याचं झाडणं म्हणजे मधलं मधलं. कोपरे तसेच. घाबरलेली नवी पोरं नेमकी कोपऱ्यातच जाऊन बसतात, हे त्याला कोण सांगणार? मग मी पदर खोचायचे आणि त्याच्या हातातून झाडू ओढून घ्यायचे.

आमची शाळा नंदनवनच्या कडेला होती. तेव्हा तिकडे आजच्यासारखी घरं नव्हती, बाभळी होत्या. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर आम्हीच विटा वाहून ही शाळा उभी केली. वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी. पहिलीचा वर्ग माझा. मला मात्र कोणी शिकवलेलं नाही. लहानपणी उमरेडला शाळेच्या दारात उभी राहिले, तर मास्तरानं हात हलवून हाकललं, कोंबडी हाकलतात तसं. अक्षरं मी विडीच्या कट्ट्यांवरच्या लेबलांवरून काढली, एकेक करून, विड्या वळता वळता. म्हणून मला कोणी अडाणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही. भुताखेताच्या गोष्टीही नाही. उतारे, गंडे, ताईत, सगळं दीक्षेच्या दिवशी मागे टाकलं. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून म्हातारी भित्री होती असं कोणी म्हणू नये.

अडुसष्ट साल. वर्ग दोन महिने बंद होता. दार उघडलं तेव्हा आतून चुन्याचा आणि वटवाघळांच्या लेंड्यांचा वास अंगावर आला. त्यात आणखी एक वास होता. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा, आंबूस. उन्हाळाभर बंद असलेल्या खोलीत ओलं फडकं कुठून आलं, असं एकदा मनात आलं. मग मी झाडायला लागले.

धोंडबा पोरांची बसायची टाटपट्टी झटकत होता. झटकता झटकता थांबला.

"बाई, उद्या चारूले मधात उभी करा. शेवटी नका ठेवू."

चारू म्हणजे चारुशीला, माझ्या लेकीची लेक. लेक बाळंतपणातच गेली, जावयानं दुसरं घर केलं, पोर माझ्याकडे राहिली. नाव मीच ठेवलं. त्या साली तिला पहिलीत बसवायचं होतं.

"काहून गा? मधात काय लाडू वाटून राहिले?"

"शेवटी ते पोरगी येते, बाई."

"कोणती पोरगी?"

"जुनी हाये. दरवर्षी येते. तुम्ही मान खाली घालून लिहून राहता, तुम्हाले समजत नाही. तिचा हात पोचत नाही. तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी ये, अन् ते जाते."

हाताचं सांगायला हवं. वस्तीत जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. पोर कोणत्या साली झालं विचारलं तर आई म्हणे, म्हैस मेली त्या साली. आता कोणाची म्हैस आणि कधी मेली, हे शोधत कोण बसणार! तेव्हा परीक्षा एकच. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर शाळेच्या वयाचं झालं. मग मी जन्मतारीख टाकायचे, एक जुलै. अर्धी वस्ती माझ्या कृपेनं एक जुलैला जन्मली आहे. ज्याचा हात पोचला नाही त्याला सांगायचं, पुढच्या वर्षी ये.

"ते तर मी कितीक पोरांले म्हणते," मी म्हटलं.

"हो. पण ते खरंच येते ना बाई... तशीच. तेवढीच."

"सकाळीच लावली का गा धोंडबा?"

"पोराची आन, घोटही नाही." त्यानं टाटपट्टी खाली ठेवली. "तुम्ही फक्त नेहमीसारखं बोला. जाते ते. त्रास नाही देत."

मी हसले. पण झाडू मारताना मला एक पाटी आठवायला लागली. कोपरा तुटलेली. गेल्या वर्षी रांगेच्या शेवटी कोणाच्या तरी हातात होती. त्याच्या आदल्या वर्षीही...

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या आतच टेबल मांडलं, रांग ओसरीत लावली आणि चारूला मुद्दाम शेवटी उभी केली. बाईची नात म्हणून पुढे घुसवली, असं कोणी म्हणायला नको होतं. शिवाय मी धोंडबाच्या बोलण्याला भ्यायले, असंही. पोरीनं आठ दिवस कान धरून धरून लाल केला होता. सकाळी पोळी खातानाही, "आजी, पाह्य, पोचला!" एका हातात पोळी, दुसऱ्या हातात कान.

जून संपत आला होता आणि पानही हलत नव्हतं. पोरं रडत होती, आया ओरडत होत्या. एकीनं तर माझ्यासमोर पोराचा हात ओढून कानापर्यंत नेला. मी म्हटलं, "हात उपटून देशील काय वं? मंग लिहील कायनं?" सगळ्या हसल्या. दुपार होता होता रांग सरली. आया घरी गेल्या, पोरं आत बसली. आभाळ पिवळं पडलं, मग मातकट. धोंडबा ओसरीच्या खांबाला धरून उभा होता.

"आंधी येऊन राहिली, बाई. लवकर आटपा."

चारू पुढे आली. कान धरला, वर मलाच वेडावून दाखवलं. मी म्हटलं, "जा, बस." ती उडी मारून उंबरठ्याच्या आत गेली आणि पुढच्या टाटपट्टीवर बसली.

मी लेखणी ठेवणार, तेवढ्यात तो वास आला. ओल्या फडक्याचा.

रांगेत चारू होती, तिच्या मागच्या जागी एक पोरगी उभी होती.

या खेपेला मी मान खाली घातली नाही. नीट बघितलं. झग्याला गुंड्या नव्हत्या, पाठीवर सुतळीनं बांधलेला. हातात तुटक्या कोपऱ्याची पाटी. अनवाणी पाय स्वच्छ होते. एवढी धूळ उडत होती, माझ्या टेबलावर बोटानं लिहिता आलं असतं, आणि तिच्या पायांवर कण नव्हता. न सांगता तिनं उजवा हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वर थांबली. दोन बोटं कमी.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या पलीकडे, आत, टाटपट्टीकडे बघत होती.

ते वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. सवयच ती. पण मला तो उमरेडचा मास्तर आठवला, त्याचा हलणारा हात आठवला. दारात आलेल्या पोरीला माघारी पाठवायला मी डोक्यावर विटा वाहिल्या नव्हत्या. भूत असेल नाहीतर कोणी असेल. शिकायला आली होती.

"नाही पोचला तरी चालते," मी म्हटलं. "जा, बस."

"बाई... नका..." धोंडबा ओसरीवरून म्हणाला.

पोरीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच वं. बस."

तिनं उंबरठा ओलांडला आणि आंधी आली. दार आपटलं, खिडक्या आपटल्या, कवेलू खडखडले. भरदुपारी वर्गात काळोख झाला. धूळ नाकातोंडात गेली. मला वाटलं, आता सगळी पोरं एकदम रडायला लागतील. पहिला दिवस, त्यात अंधार. पण एकही रडलं नाही. एवढ्या पोरांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. ऐकू येत होती फक्त पाटीवरची पेन्सिल. किर्र... किर्र... एकच पेन्सिल, सावकाश, रेघेवर रेघ.

"घाबरू नका रे," मी म्हटलं. "चारू, कुठं हायेस?"

"आजी..." आवाज माझ्या पाठीमागून आला. दाराबाहेरून. "आजी, मी बाहेर काहून हाये?"

मी दार ओढून उघडलं. चारू ओसरीत उभी होती. मघाशी माझ्या डोळ्यांदेखत आत बसलेली माझी चारू. उजवा हात डोक्यावरून नेलेला. तोंड रडवेलं.

"आजी, पोचत नाही..."

मी तिचा हात धरला. बर्फासारखा. कानाकडे ओढला, त्या सकाळच्या आईसारखाच ओढला. दोन बोटं कमी. तिला उचलून आत घ्यायला गेले तर ती उचलेना. विटा उचललेली बाई मी, आणि मूठभर पोर मला उचलेना. उंबरठ्याशी जशी रोवलेली.

आतली पेन्सिल थांबली.

"बाई, तिले सांगा ना."

चारूच्या जागेवर ती पोरगी बसली होती. अंधारात पाटीचा तुटका कोपरा तेवढा दिसत होता.

"काय सांगू?"

"मले सांगत होत्या ते." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "एक जण बाहेर राहते, बाई. नेहमीच राहते."

धोंडबा खांबाला कवटाळून ओरडला, "तिले उठवा, बाई! हाकला तिले! चारू जाईन हातची!"

एक शब्द पुरला असता. ऊठ, म्हटलं असतं तर ती उठली असती, इतक्या वर्षांची सवय होती तिला. माझी नात आत आली असती. तो शब्द माझ्या घशात आला होता, खोटं का सांगू? चारूचे ओठ निळे पडत होते. आणि ती आतली मात्र पाटी छातीशी धरून उठायच्या तयारीतच बसली होती. तिला ठाऊक होतं मी काय म्हणणार ते. सगळेच म्हणत आले होते.

मी उंबरठा ओलांडून बाहेर आले. चारूच्या पुढे उभी राहिले.

"रांगेत हिच्या आधी मी हाये," मी म्हटलं. "मी पहिलीत कधी बसलीच नाही. तिथं शिकवायलेच आली. मले कोणी आत घेतलं होतं? बाहेर राहायचा नंबर माझा."

आणि मी उजवा हात डोक्यावरून नेला. माझे हात लांब. लहानपणापासून लांब, सगळे हसायचे. बोटं केसांवरून खाली सरकली, आणि थांबली. कान तिथेच होता, त्याची गरमी बोटांना लागत होती. हातच पुढे येईना. जोर लावला. खांद्यात दुखलं नाही, अडलं नाही, फक्त हात तिथे संपला.

आतून कोणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी ये."

आवाज माझा होता. माझाच, रांगेत वापरायचा, मान खाली घालून बोलायचा.

मग सगळी पोरं एकदम रडायला लागली. असं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. वारा पडला, उजेड आला. चारू आत टाटपट्टीवर बसून कान धरून हसत होती, जशी उठलीच नव्हती. वर्गभर बोटभर धूळ. पोरांच्या डोक्यांवर, पाट्यांवर. फक्त चारूच्या शेजारी, एक पोर बसेल एवढी जागा, पुसल्यासारखी स्वच्छ होती. त्या जागेवर वर्षभर कोणी बसलं नाही. तिथे बसू नका असं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी रांगेच्या शेवटी कोणी आलं नाही. धोंडबानं वाट पाहिली. मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हात मोठ्या दवाखान्यात दाखवला. डॉक्टरनं फोटो काढला, हाडं ठीक आहेत म्हणाला, वयानं होतं. हात दुखत नाही. पाणी भरते, लिहिते. कानाला तेवढा पोचत नाही. एवढं मात्र खरं की दरवर्षी कासारीण बांगड्या भरायला येते आणि उजव्या हाताला बांगडीचा नंबर आदल्या वर्षीपेक्षा लहान लागतो. पहिल्यांदा ती हसायची. गेल्या दोन वर्षांपासून ती पोरींच्या बांगड्यांची पेटी उघडते आणि माझ्या तोंडाकडे न बघता भरून जाते.

चारू मोठी झाली. डी.एड. झाली. शाळा आता पक्की आहे, वर स्लॅब आहे, आणि पहिलीचा वर्ग तिच्याकडे आहे. गेल्या जूनला शाळा उघडली त्या दिवशी मला वाटलं, आपली पोर टेबलावर कशी बसते ते बघून यावं. रांग होती. मधे घुसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून शेवटी उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा चारू मान खाली घालून लिहीत होती. थट्टा करावी म्हणून मी हात डोक्यावरून नेला.

"मलेही घे वं."

तिनं वर पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी ये," म्हणाली.

मी घरी आले. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "वा! टेबलावर बसली तं आजीले ओळखत नाही?"

"तू कधी आली होती?" तिनं सूप खाली ठेवलं. "मी तं तुले पाहिलंच नाही, आजी. शेवटी एक लहान पोरगी तेवढी होती. एकटीच आली होती बिचारी. दोन बोटं कमी पडली, पाठवली परत."

उद्या शाळा उघडते. चारू म्हणते, ऊन आहे, आजी, तू घरीच राहा. राहीन म्हटलं. घरात पाटी नाही, चारूची केव्हाच फुटली. तरी सकाळपासून माझ्या उजव्या हाताला ओल्या फडक्याचा वास येतो आहे, आणि साबणानं धुतला तरी जात नाही.