कप्तान लुंडचा रविवारचा कोट

सिग्ने लुंडने गाठोडं सोडून टेबलावर ठेवलं. आत काळा लोकरी कोट होता.

"हा बाबांच्या अंगावर होता," ती म्हणाली. "धुतला नाही. हातच धजला नाही माझा."

डॉक्टर आमुंड स्ट्रांडने नजर खिडकीकडे वळवली. नऊ दिवसांपूर्वी हाच कोट त्याने कप्तान तोर्केल लुंडच्या प्रेतावरून उतरवला होता. बेटावर तो एकटाच डॉक्टर. 'बुडून मृत्यू' असं लिहून खाली सहीही त्यानेच केली होती.

समोरच्या खुर्चीत हाल्वर्ड ब्रुन बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, आवाज खालच्या पट्टीतला. मिलवॉकी शहरात तो खाजगी तपासाची कामं करी. सिग्नेच्या पत्रावरून कालच्या बोटीने आला होता आणि जुन्या ओळखीने डॉक्टरकडे उतरला होता.

"तुमची शंका काय आहे?" त्याने विचारलं.

"सगळे म्हणतात, बाबा सोमवारी पहाटे आपली शिडाची स्कूनर 'अल्मा' घेऊन एकटेच जाळी ओढायला गेले आणि तोल जाऊन पडले. पण हा त्यांचा रविवारचा कोट आहे. देवळाशिवाय ते तो घालत नसत. जाळी ओढायला कोण घालेल?"

"आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात?"

"मावशीकडे होते. परतले तेव्हा बाबा नव्हते. मला वाटलं, स्कूनरवर झोपले असतील."

ब्रुनने कोट उजेडात धरला. गळ्यापासून छातीपर्यंत, आणि दोन्ही बाह्यांवर, पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. खालचा भाग स्वच्छ होता. त्याने बोट ओलं करून एका रेघेवर फिरवलं आणि जिभेला लावलं.

"वाळल्याचे डाग आहेत ते," डॉक्टर म्हणाला. "तिकडे मायदेशी, बर्गनला आमच्या वडिलांच्या सगळ्या कपड्यांवर असत."

"हं," ब्रुन म्हणाला. "डॉक्टर, तो नक्की बुडूनच गेला?"

"फुप्फुसांत पाणी होतं, तोंडाला फेस होता. त्यात माझी चूक नाही."

"मलाही तसंच वाटतं." ब्रुनने कोट घडी घालून परत दिला.

*

'अल्मा' पूर्वेच्या धक्क्याला बांधलेली होती. दोन डोलकाठ्यांची, पंचेचाळीस फुटी, रंग उडालेली. मिशिगन सरोवरावर अशा शिडाच्या स्कूनर आता कमी होत चालल्या होत्या. सगळ्यांना वाफेची बोट हवी होती, आणि त्यात कप्तानाचा मेहुणा आणि भागीदार आइनार होल्टे पहिला.

"हो, भांडलो आम्ही," तो दोर गुंडाळत म्हणाला. "वर्षभर भांडत होतो. मी म्हणायचो, ही म्हातारी विकू या. भावजी म्हणायचे, मी मेल्यावर विक. आता सगळं बेट माझ्याकडे बघतंय. बघा, तुम्हीही बघा."

"स्कूनर तुम्हालाच सापडली?"

"सोमवारी दुपारी. पूर्वेला सहा मैलांवर. पुढचं शीड वर, सुकाणू मोकळं, आत कुणी नाही."

"जाळी कुठे आहेत?"

"पश्चिमेला. वाराही पश्चिमेचाच होता, रविवारपासून."

ब्रुन वाकून स्कूनरच्या पोटातल्या लांब खोबणीकडे पाहू लागला. "ही तळातली फळी तेव्हा खाली होती की वर?"

"वर. इथलं बंदर उथळ. धक्क्याला लागताना आम्ही ती वर ओढून घेतो, बाहेर पडलं की खाली सोडतो. नाही सोडली तर वाऱ्यासमोर बोट नुसती आडवी घसरते. दोन वर्षांचा असल्यापासून या तळ्यावर आहे मी. हे काय विचारायचं झालं?"

"विचारायचंच होतं," ब्रुन म्हणाला.

प्रेत पश्चिमेच्या किनाऱ्यावर सापडलं होतं, मंगळवारी सकाळी. ते प्रथम पाहणारा कॉर्मॅक बॉइल आपल्या खोपटात जाळं विणत बसला होता. शेजारच्या बेटावर जन्मलेला आयरिश खलाशी, 'अल्मा'वर सात वर्षं.

"उताणे पडले होते," तो म्हणाला. "हात छातीवर. लाटांनी कचरा टाकला होता त्या रेघेच्या पंधरा पावलं वर."

"आदल्या शनिवारी तू नोकरी सोडलीस म्हणे."

"सोडली."

"का?"

कॉर्मॅकने सुई थांबवली. "कप्तान म्हणाले, 'आता मी बोलणार आहे.' मी म्हटलं, बोलू नका. त्यांनी ऐकलं नाही. मग मी निघालो."

"कशाबद्दल बोलणार होते?"

"ते मला विचारू नका, साहेब. माझा नाइलाज आहे."

"लपवतोय लेकाचा," बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाला.

"लपवतोय. पण लाजेने," ब्रुन म्हणाला. "भीतीने नाही."

मासे खारवायची बेटावर एकच शेड होती, बंदरालगत. ती मथियास वीक सांभाळायचा. पिंपंही तोच बनवायचा. दारात हातगाडी होती. आत माणसाच्या छातीएवढी उंच दोन मोठी पिंपं मिठाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

"तोर्केल चांगला माणूस होता," वीक रंधा न थांबवता म्हणाला.

"तुम्ही कधी त्याच्याबरोबर गेलात?"

"या तळ्यावर मी शीड उभारलं नाही कधी. गावाकडे समुद्रावर वीस वर्षं होतो. ते पुरे झालं. माझा मुलगा जायचा."

"जायचा?"

"तीन वर्षं झाली." रंधा पुन्हा लाकडावरून सरकला.

परतताना ब्रुन देवळामागच्या कबरस्तानात थांबला. ईवर वीक, वय एकोणीस, असं कोरलेला दगड होता. दगडापुढची जमीन सपाट, कधी न खणलेली होती.

"'अल्मा'वरून पडला," डॉक्टर म्हणाला. "सापडला नाही. या तळ्याच्या थंड पाण्यात बुडालेलं माणूस वर येतच नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रुनने सगळ्यांना डॉक्टरच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. सिग्ने शेगडीजवळ बसली. आइनार भिंतीला टेकून होता, कॉर्मॅक दाराशी. वीक टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"कप्तान बुडून मेला, हे डॉक्टरांनी बरोबर लिहिलं," ब्रुन म्हणाला. "कशात बुडाला, एवढंच कुणी विचारलं नाही. कोटावर मीठ आहे."

"असणारच," आइनार म्हणाला, आणि भिंतीपासून सरळ झाला.

डॉक्टरने आपल्या तळहातांकडे पाहिलं. कोट त्याने स्वतःच्या हातांनी उतरवला होता.

"आपण बहुतेक समुद्राकाठचे," ब्रुन म्हणाला. "भिजलेल्या कपड्यावर मीठ दिसलं तर आपल्याला नवल वाटत नाही. पण या तळ्याचं पाणी गोडं आहे. शिवाय मीठ फक्त छातीपर्यंत. माणूस पिंपात डोक्याकडून गेला, आणि तळ्यात तो पडलाच नाही. पडला असता तर मीठ धुऊन गेलं असतं."

ब्रुन खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"मग 'अल्मा' कुणी सोडली? जाळी पश्चिमेला, वारा समोरून. तिकडे जाणाऱ्याने फळी खाली सोडली असती. आइनार आणि कॉर्मॅक या तळ्यावर वाढलेत. देखावा करायचा म्हटलं तरी त्यांचा हात आपोआप त्या फळीकडे गेला असता. समुद्रावरच्या होड्यांना अशी फळी नसते. ज्याने शीड चढवून 'अल्मा' रिकामी सोडून दिली त्याला ती फळी आठवलीच नाही."

वीक खाली पाहत होता.

"आणि तरी मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो वेगळ्याच गोष्टीने. प्रेत तळ्यात सोडलं असतं तर ते कधीच वर आलं नसतं, पुरावाही उरला नसता. पण कुणीतरी ते हातगाडीवर घालून बेटापार नेलं, लाटा पोचणार नाहीत तिथे ठेवलं, हात छातीवर जुळवले. पोरीला बापाची कबर मिळावी म्हणून. कबर नसण्याचं दुःख काय असतं, हे ठाऊक असलेला माणूस होता तो."

"मथियासकाका?" सिग्ने हळूच म्हणाली.

वीकने मान वर केली. "रविवारी संध्याकाळी आला, तोच कोट घालून. म्हणाला, ईवर लगेच बुडाला नव्हता. पोहत होता, हाका मारत होता. वादळात स्कूनर वळवली तर सगळेच जातील असं वाटलं, म्हणून वळवली नाही. तीन वर्षं मला सांगत आला होता की पोराला कळलंही नसेल." त्याने टोपी चुरगळली. "मी म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं. मग मी त्याची मान धरली. तो झटापट करत नव्हता, पोरी. सुरुवातीला तर नाहीच."

सिग्नेने तोंडावर हात ठेवला. मग तिने दाराकडे पाहिलं. "कॉर्मॅक, तूही होतास त्या दिवशी."

"होतो."

"खरंच हाका मारत होता?"

"कप्तानांचं नाव घेऊन. मी शिडाचा दोर धरून उभा होतो. मीही काही बोललो नाही."

डॉक्टरने नवा दाखला लिहिला. खाली पुन्हा सही केली.

वीकला ज्याच्या ताब्यात द्यायचं तो शेरिफ पलीकडच्या किनाऱ्यावर असायचा, आणि त्या आठवड्यात तिकडे जाणारी फेरीची बोट नव्हती. सकाळी वीकला 'अल्मा'वरूनच न्यायचं ठरलं. सुकाणूवर कॉर्मॅक होता, दोरांवर आइनार. ब्रुन आणि डॉक्टर बरोबर होते. आयत्या वेळी सिग्नेही चढली. तिला कुणी अडवलं नाही.

तासाभराने कॉर्मॅकने एकदा डावीकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. ते सिग्नेला दिसलं.

"ईवर इथेच पडला ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"वळव," ती म्हणाली.

आइनारने शीड सैल सोडलं. 'अल्मा' वाऱ्यात वळली आणि राखाडी पाण्यावर थांबली. सिग्ने वीकजवळ गेली. त्याच्या अंगाला हात न लावता तिने कठड्याशी त्याला जागा करून दिली. म्हातारा पाण्याकडे बघत उभा राहिला. खूप वेळ आइनारने दोर सैलच धरून ठेवला.