चौदा नंबरच्या बदलीला

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगते, कारण वाचून झाल्यावर तुम्ही म्हणणार, बाई काहीतरी रचून सांगतेय. रचायला मला वेळ नाही आणि हौसही नाही. वर्ना प्रुइट माझ्या समोरच्याच घरात राहते. तिने हे मला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा. एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

गाव बार्लो फेरी, ओहायो नदीच्या काठचं. दिवस नऊ जानेवारी, गेल्या वर्षीचा.

दिवेलागणीची वेळ होती. बर्फ दुपारपासून पडत होता.

नऊ जानेवारीला आमच्याकडे पोलिसांचे आभार मानतात. दारोदारी निळे बल्ब लावतात. शाळेतली पोरं रंगीत खडूंनी कार्डं करतात. आणि चर्चच्या बायका घरी रांधून पोलीस ठाण्यात जेवण पोचवतात. वर्नाचा ट्रे ठरलेला. कोंबडी घातलेल्या जाड नूडल्स, वर भरपूर साय. तिच्या वेंडेलच्या आवडीच्या.

वेंडेल तिचा एकुलता एक मुलगा. याच ठाण्यात शिपाई होता, वायरलेसवर त्याचा नंबर चौदा. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. काही हिवाळ्यांपूर्वी, याच आभाराच्या दिवशी, त्याला खाणीच्या रस्त्यावरच्या पुलावर उभं केलं होतं. कठडा तुटला होता, गाड्या अडवायच्या होत्या. थंडी मी म्हणत होती. पोराने गाडीत बसून इंजिन चालू ठेवलं. मागे बर्फ साचला, धुराची नळी बुजली आणि धूर आत भरला.

सकाळी सापडला. पट्टा लावून, नीट बसलेला.

गावाने त्याला हिरो केलं. पुलाला त्याचं नाव दिलं. पण वर्नाला त्यातलं काही नको होतं. तिने ठाण्याच्या चीफला, गारलंड टूलीला, एवढंच विचारलं होतं, "गारलंड, तो जेवला होता का रे?"

आणि गारलंड म्हणाला होता, "अगं, तुझ्या नूडल्सच्या दोन प्लेटी हाणून गेला तो पुलावर! ढेकर देऊन गेला."

त्या दोन प्लेटींवर ही बाई जगत होती. मला म्हणायची, "पोर गेलं गं माझं. पण उपाशी नाही गेलं."

तर त्या संध्याकाळी वर्ना ट्रे घेऊन ठाण्यात पोचली. गारलंडने तिला मिठी मारली. तो आणि ती एका वर्गातले, लाज कसली धरणार? बोटांना चिकट सॉस, मिशीत सॉस, आणि तेच हात तिच्या कोटाला पुसले मेल्याने.

"वर्ना, तुझा ट्रे बघितला की वेंडेलच दिसतो बघ. दोन प्लेटी!"

वर्ना हसली. दरवर्षी हसायची तशी.

हॉलमध्ये एका टेबलावर बायकांनी आणलेले ट्रे लावले होते. दुसऱ्या टेबलावर हॉटेलातून मागवलेल्या, सॉस लावून भाजलेल्या डुकराच्या बरगड्या. पोलीस सगळे त्या दुसऱ्या टेबलाभोवती. हाडं चोखत होते, बोटं चाटत होते. बायकांच्या ट्रेवरचे कागद कोणी उचललेही नव्हते. वर्नाला वाटलं, प्रार्थनेनंतर उचलतील.

मग दिवे मंद केले. गेलेल्या शिपायाला वायरलेसवरून हाक मारायची पद्धत आहे. कंट्रोलवाली नंबर पुकारते, उत्तर येत नाही. पुन्हा पुकारते. मग म्हणते, पुढचा पहारा आमचा. बायका डोळे पुसतात. या वर्षी गारलंडने कंट्रोलचा वायरलेस हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडून घेतला होता. सगळ्यांना नीट रडता यावं म्हणून!

कंट्रोलवर हुआनेल नावाची बाई बसते. तिचा आवाज स्पीकरवर आला.

"कंट्रोल टू चौदा..."

शांतता.

"कंट्रोल टू चौदा..."

शांतता. कोणीतरी नाक ओढलं.

आणि मग...

टक्. टक्.

वायरलेसचं बटण दोनदा दाबल्याचा आवाज. आमच्या पोलिसांत त्याचा अर्थ, ऐकलं, मी इथेच आहे.

हुआनेलने पुढचं वाक्य म्हटलंच नाही. स्पीकरमधून नुसता तिचा श्वास येत होता.

"कुणाचं तरी बटण दाबलं गेलं!" गारलंड मोठ्याने हसला. "अरे, दिवे लावा! केक कापा!"

वर्नाला आत कोंडल्यासारखं झालं. हवा खायला ती मागच्या दाराने अंगणात आली.

तिथे कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा आहे. त्याच्यापाशी स्कॅग्ज नावाचा जुना शिपाई उभा होता. त्याच्या पायाशी हॉलमधून उचलून आणलेल्या ट्रेंची चळत.

तो एकेक ट्रे उचलत होता आणि डब्यात पालथा घालत होता.

वाफा निघत होत्या अजून! कुणाचे बीन्स, कुणाचं बटाट्याचं, कुणाची गुलाबी जेली, सगळं एकात एक. त्यावर पोरांची कार्डं पडली होती. ‘तुम्ही आमचे हिरो’ असं लिहिलेल्या कार्डावरून घट्ट पिवळी साय ओघळत होती. आंबूस, कोमट वास.

आणि स्कॅग्जच्या हातात तिच्याच नूडल्स.

"अरे, काय करतोस?"

स्कॅग्ज दचकला. "काकू! तुम्ही इकडे कशाला आलात?"

"फेकतोस? न उघडता?"

"चीफचा हुकूम आहे, काकू. लोकांच्या घरचं खायचं नाही. कोण काय कालवेल, सांगता येतं का? घ्यायचं, थँक यू म्हणायचं आणि..." त्याने डब्याकडे मान हलवली.

"चर्चमधल्या बायका विष घालणार तुम्हाला?"

"मी काय करू? हुकूम आहे."

"कधीपासून?"

"मी लागलो त्याच्या आधीपासून. कोणी कधी घासभर खाल्लेलं नाही."

"मग वेंडेलने... दोन प्लेटी..."

स्कॅग्जने मान खाली घातली.

"तो दुपारपासून पुलावरच होता, काकू. आत आलाच नाही."

वर्नाने आधाराला हात टेकला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कशाला टेकलोय. वेंडेलची गाडी. आठवण म्हणून ती त्या अंगणात ठेवलीय, बॉनेटवर फुलांचं चक्र. इंजिन केव्हाच काढून टाकलेलं.

बाकीच्या गाड्यांवर वीतभर बर्फ होता.

या गाडीच्या बॉनेटवर... एक कण नव्हता.

पत्रा गरम होता.

ती तिथून निघाली ती थेट कंट्रोल रूममध्ये. हुआनेल खुर्चीत बसली होती, चेहरा पांढराफटक. वर्नाला बघून तिला रडूच फुटलं.

"काकू, मला माफ करू नका."

"काय झालं ते सांग."

"त्या दिवशी वेंडेल सारखा विचारत होता. बदलीला कुणी येतंय का? भूक लागलीय म्हणाला, बोटं बधिर झालीत म्हणाला. मी हॉलमध्ये जाऊन चीफना सांगितलं. ते केक कापत होते. म्हणाले, थांब म्हणावं, पाठवतो. मी पुन्हा गेले. म्हणाले, डोकं खाऊ नकोस. मग ते विसरले, काकू. सगळे जेवले, घरी गेले. कुणी गेलंच नाही."

"आणि मघाचा आवाज?"

हुआनेलने दाराकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"बर्फ पडला की येतो. दर हिवाळ्यात. चीफनी सांगितलंय, आवाज कमी करून ठेवत जा. आज हौसेने स्पीकर जोडला त्यांनीच..."

तेवढ्यात...

वायरलेसमधून खरखर आली. वाऱ्याची. मोकळ्या जागेतल्या वाऱ्याची. खोलीत जळक्या पेट्रोलचा वास भरला.

टक्. टक्.

"कंट्रोल... चौदा बोलतोय."

वर्नाने तोंडावर हात दाबला. आवाज पोराचाच. सर्दी झालेला.

"बदलीला कुणी येतंय का?"

माईक कसा धरायचा तेही तिला माहीत नव्हतं. हुआनेलने बटण दाबून दिलं.

"वेंडेल," ती म्हणाली. "जेवलास का रे?"



"नाही अजून, आई."

वर्ना मला हे सांगते ना, तेव्हा इथे थांबते. दर वेळी. टेबलावरचे नसलेले कण गोळा करते. मग पुढे बोलते.

"ये घरी. बाळा, ऊठ आणि घरी ये."

"येतो ना. चीफ म्हणालेत, मी स्वतः सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. त्यांना सांगशील का? इथे कुणीच नाहीये."

मागे दारात गारलंड उभा होता. हातात बरगडी. केव्हापासून उभा होता कोण जाणे, पण त्याने ऐकलं होतं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

वर्नाने माईक त्याच्यापुढे धरला.

"म्हण."

"वर्ना, हे बघ, कुणीतरी चावटपणा..."

"गारलंड, मी तुला काही विचारत नाही. जाब मागत नाही. एक वाक्य म्हण. चौदा, तुझी ड्यूटी संपली, घरी जा. बस. मी परत तोंड दाखवणार नाही तुला."

गारलंडने माईककडे पाहिलं. ओठ चाटले. हुआनेल सांगते, क्षणभर वाटलं, म्हणेल.

"इथे सगळं रेकॉर्ड होतं," तो म्हणाला.

"काय?"

"प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो, वर्ना. मी आज त्याची ड्यूटी संपवली, म्हणजे तेव्हा संपवली नव्हती, असं होईल. उद्या कुणी वकील ऐकेल. तू समजून घे ना."

शी! समजून घे म्हणे! पोर तिकडे गारठून विचारतंय, आणि याला पेन्शनची काळजी. जीभ कशी झडली नाही त्याची?

गारलंड पुढे आला आणि भिंतीतून वायरलेसची वायर उपटली. वायरलेसवरचे दिवे विझले. खरखर थांबली.

हॉलमधून केकसाठी टाळ्या ऐकू येत होत्या.

आणि मग...

टक्. टक्.

गारलंडच्या खांद्यावर लावलेल्या छोट्या वायरलेसमधून.

"चीफ?... चौदा बोलतोय, सर. बदलीला कुणी..."

गारलंडने हात वर नेला. बोटांना अजून सॉस होता.

आणि त्याने आवाज कमी केला.

ओरडला नाही, पळाला नाही, गुडघे टेकले नाहीत. रेडिओवरच्या नावडत्या गाण्याचा करावा तसा आवाज कमी केला, आणि केक खायला गेला.

त्याच रात्री वर्ना पुलावर जाऊन आली. तिथे काही नव्हतं. बर्फ, आणि वेंडेलच्या नावाची पाटी. तिने हाका मारल्या, मी आलेय बदलीला, तू जा म्हणाली. उत्तर नाही. ती चीफ नव्हती ना.

हुआनेलने नोकरी सोडली, दुसऱ्या गावी गेली. नवीन वायरलेस आले. स्कॅग्ज मला दुकानात भेटला तेव्हा मी तोंडावर विचारलं, येतो का आवाज अजून? त्याने दुधाची बाटली उचलली, परत ठेवली. म्हणाला, "आम्ही बर्फाच्या दिवशी कमी करून ठेवतो." सगळेच. ठरवून.

वर्नाने निळा बल्ब काढून टाकला. गावातल्या बायका नाकं मुरडतात, म्हणतात पोलिसांचे उपकार विसरली. यांना काय सांगणार? बर्फ पडला की ती कोट चढवते आणि ठाण्यात जाऊन गारलंडसमोर उभी राहते. तो सगळ्यांसमोर गोड बोलतो, मिठी मारायला येतो. ती मागे सरते आणि म्हणते, "म्हण." तो म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या दारात दोघी आल्या. गारलंड एप्रिलमध्ये निवृत्त होतोय, मोठा निरोप समारंभ आहे, तुम्ही घरचं काय करून आणाल, असं विचारत होत्या. मी दार लावून घेतलं.

आता हे लिहितेय तर बाहेर बर्फ सुरू झालाय. समोर वर्ना पायरीवर बसून बूट चढवतेय. एप्रिलनंतर गारलंड चीफ नसेल. मग वेंडेलला ते वाक्य सांगणार कोण?