तो नाही, काका

राजारामच्या नातीचं, अनिकाचं बारसं झालं ते साल २००४. त्याच आठवड्यात त्याला ज्युरीचं बोलावणं आलं.

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. हे शिकागोच्या कोर्टात घडलं, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, लख्ख दुपारी. राजारामने फक्त बायकोला, शरयूला सांगितलं. तिने आम्हाला.

लेक म्हणाली होती, "बाबा, एक्स्क्यूज देऊन कॅन्सल करा ना."

"जाऊ दे गं," शरयू म्हणाली. "घरात यांना भाजी कुठली करू हेही कुणी विचारत नाही. तिथे तरी मत विचारतील."

खटला खुनाचा होता. पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करणारा नागपूरचा मनोहर हातोडीने ठेचून मारला गेला होता. जबडा फुटून कानाकडे सरकलेला. हाताची बोटं चिरडलेली.

आरोपी डॅरिल, वीस वर्षांचा काळा मुलगा.

त्याला पाहताच राजारामने अंग चोरलं. शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरात, आपल्या लोकांच्या पार्ट्यांमध्ये अशा पोरांबद्दल जे बोललं जायचं, त्याला त्याने वर्षानुवर्षं मान डोलावली होती. तरी मनात आकस नाही, अशी शपथ त्याने घेतली.

तिसऱ्या दिवशी वकिलाच्या हातून मनोहरचा फोटो खाली पडला. डॅरिलचा बूट त्यावर आला. त्याने खाली पाहिलं, पाय काढला. बस.

नमस्कार नाही. काही नाही.

आपण पाय लागला तर वहीलाही हात लावून कपाळाला नेतो. हा तर मेलेला माणूस! राजारामच्या मनात निकाल तिथेच लागला. त्या पोराला ही रीत कोण शिकवणार होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ज्युरीच्या बंद खोलीत पहिलं मतदान झालं. सहा विरुद्ध सहा. पुरावा एकच होता, लांबून कुणाला तरी पळताना पाहिलेला एक माणूस.

"तुम्ही त्या मेलेल्याच्या देशातले," प्रमुखाने विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"यानेच मारलं. त्याला जराही पश्चात्ताप नाही."

ठक्...

टेबलाच्या खालून. कुणीच मान वळवली नाही.

एकेक जण राजारामकडे झुकत गेला. प्रत्येक मताला... ठक्. ओल्या हाडावर लोखंड बसावं तसा आवाज.

शेवटी एक म्हातारी शिक्षिका उरली.

"आयुष्य जाईल त्या मुलाचं," ती म्हणाली. "तुम्हाला खात्री आहे?"

राजारामच्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. फुटक्या तोंडातून, रक्ताचे बुडबुडे काढत.

"तो... नाही... काका."

मराठीत. त्या खोलीत मराठी समजणारा तो एकटाच होता.

टेबलाखाली त्याच्या मनगटावर बोटं आवळली. मोडलेली. हाडाची टोकं कातडीत रुतली.

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण मेलेला बोलला, हे अकरा जणांना कसं सांगायचं? आणि आपण एका बुटावरून माणूस ठरवला, हे?

"खात्री आहे," तो म्हणाला.

बोटं सुटली... दमून सोडून द्यावं तशी.

डॅरिलला जन्मठेप झाली. घरी शरयूने राजारामच्या मनगटावरच्या पाच काळ्यानिळ्या वळांना हळद लावली. महिनाभर ते गेले नाहीत.

मग सव्वा वर्ष काही नाही.

एका दुपारी, दोनच्या सुमारास, दोघं मेथी निवडत बसले होते. न्हाणीघरातून आवाज आला.

"काका... त्याला पाडलंय."

शरयूच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"डोकं आपटतायत. फरशीवर."

राजारामने कान दाबले. आवाज तळव्यांच्या आतून येऊ लागला.

"दात गेले, काका... आईला हाक मारतोय..."

मग शांतता.

"कोण आहे हो आत?" शरयूने विचारलं.

आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुरुंगातल्या मारामारीची बातमी आली. दोन वर्षांनी मनोहरच्या खुनाची कबुली दिली, ती दुसऱ्याच माणसाने.

मनोहर पुन्हा बोलला नाही. पण राजाराम जेवायला बसला की शेजारची खुर्ची मागे सरकते. कोण बसतं, ते शरयू विचारत नाही.

डॅरिल ९ फेब्रुवारी २००६ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुरुंगात मेला. एकविसाव्या वर्षी.