उलटा सात

मुलांना दगड जमवायला शिकवणं सोपं असतं. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्यायचा, दगड घासून धुवायचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो वाळला की ठिपक्यावर आकडा. एखादा दगड फोडूनही दाखवायचा, कारण त्याचा खरा रंग आत असतो. दुसरीचा माझा वर्ग या खेळावर खूश होता.

त्यातल्या भिंगरीच्या ट्रेमध्ये सहा दगड झाले होते. सातवा आणायला ती रंगाची बाटली आणि ब्रश घेऊन खाणीकडे गेली ती परत आलीच नाही. शोध झाला, मग थंडावला. खाणीला साधं कुंपणही नव्हतं. मालक म्हणाला, पोरगी इकडे फिरकलीच नाही. वर त्यानंच शाळेच्या पटांगणात घालायला ट्रकभर दगड फुकट पाठवले. आमची तोंडं बंद करायला, दुसरं काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या ढिगातला एक दगड मी फोडला. शिकवायला नव्हे, राग काढायला. त्याचे दोन तुकडे झाले. आत, अखंड काळ्या दगडाच्या पोटात, पांढरा ठिपका होता आणि त्यावर उलटा सात. भिंगरी सात नेहमी आरशात दिसावा तसा काढायची.

मी भिंग लावून पाहिलं. कुठे भेग नव्हती, सांधा नव्हता.

तिच्या आईला बोलावलं.

"तिचाच हात आहे, बाई. दुसरा फोडा."

बरेच दगड कोरे निघाले. मग एकात आठ सापडला.

आम्ही तडक खाणीवर गेलो. मालकाच्या टेबलावर मी दोन्ही दगड आपटले.

"सुरुंग थांबवा. ती आत आहे."

"कशाच्या आत?"

"दगडाच्या."

तो हसला. हसला मेला. "लोक तुमच्या हवाली पोरं करतात म्हणजे कमाल आहे. घरी जा, बाई."

बाहेर सुरुंगाचा भोंगा वाजला. मी त्याची कॉलर धरली. त्याच्या माणसांनी मला ओढून भिंतीशी दाबून धरलं. तिची आई ओरडत धावली, तिलाही अडवलं.

जमीन हादरली.

धूळ बसायच्या आत ती त्यांच्या हातून निसटून खाली खाणीत उतरली. तिच्यामागे मी. गरम दगडांवर आम्ही तिथेच पडलेल्या हातोड्या चालवत सुटलो. कोणी अडवायला आलं नाही.

कोरा. कोरा. कोरा.

मग एक निघाला. पांढरा ठिपका होता, आकडा नव्हता.

तिच्या आईनं त्यावर बोट ठेवलं. बोटाला ओला रंग लागला.

"आकडा का नाही घातला हिनं?"

ठिपका वाळेपर्यंत हलायचं नाही, गप्प बसून थांबायचं, असं मीच शिकवलं होतं.