तळाशी राहणारे

माशांच्या टाकीतला हिरवट उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत होता आणि वाळूवर एक मिशीवाला कॅटफिश पोट वर करून पडला होता. काल तो जिवंत होता.

पलंगावर बसलेल्या म्हाताऱ्याने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाची बाही चिमटीत धरली आणि ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. मग मान वर करून तो वाट पाहत राहिला.

मुलाने बाही सोडवून घेतली. "पाहिलंत? दिवसभर हेच. कुणाची बाही, नाहीतर पांघरुणाची कड. हा माणूस रात्री उठून टाकीत काय टाकतो, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं."

घारबाई मेलेल्या माशाकडे पाहत होत्या. खासगी तपास करणाऱ्या या बाईंना त्यांच्या घाऱ्या डोळ्यांमुळे हे नाव पडले होते, आणि ते डोळे एकदा का एखाद्या वस्तूवर बसले की उठायचे नाव घेत नसत. त्यांच्यासोबत हिंडणारे मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. न विचारलेली मते देणे हे त्यांचे निवृत्तीनंतरचे काम.

बोलावले होते ते सुनेने. दारातच तिने हलक्या आवाजात सांगितले होते, "उद्या सकाळी वृद्धाश्रमाची गाडी येणार आहे. बाबा म्हणायचे, डोकं ठिकाणावर आहे तोवर मी हे घर सोडणार नाही. आता आज रात्री डॉक्टर येऊन डोकं तपासणार, आणि मेलेले मासे हाच पुरावा. बाबांनी ते लेकरांसारखे वाढवलेत हो. ते नाही मारणार."

मास्तरांना मात्र येतानाच्या रस्त्याचीच आठवण छळत होती. कडाक्याची थंडी. रांगेतल्या प्रत्येक घराच्या भिंतीतून हीटरची एक नळी बाहेर आलेली आणि प्रत्येक नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट निघत होता, जणू सगळी वस्ती झोपेत श्वास सोडत होती. या एकाच घराने तेवढा श्वास रोखून धरला होता. तेव्हा त्यांना वाटले होते, इथे हीटर लावतच नसतील. पण खोली तर उबदार होती. कोपऱ्यातल्या गॅसच्या हीटरमध्ये पिवळीधमक ज्योत लवलवत होती. तिचा रंग कागदावर उतरवावा, असे मास्तरांना वाटून गेले. खिडकीच्या काचा आतून घामेजल्या होत्या.

"पाणी तपासलंत?" घारबाईंनी सुनेला विचारले.

"मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. पाणी, वाळू, माशांचं खाणं, सगळं तपासलं. सगळं स्वच्छ. मजा म्हणजे, वर फिरणारे हे पट्टेरी मासे ठणठणीत आहेत. मरतात ते फक्त तळाचे. नऊ होते, आता दोनच राहिलेत."

"मग विष जड असणार," मास्तर म्हणाले. "बुडून वाळूवर बसत असेल. वरच्यांना त्याचा पत्ताच नाही."

"मास्तरांना कळलं बघा," मुलगा म्हणाला. "बाबांच्या उशाशी गोळ्यांच्या बाटल्या आहेत. आणखी काय हवं?"

घारबाईंनी दारातल्या मावशींकडे मोर्चा वळवला. दिवसभर म्हाताऱ्याची देखभाल त्याच करत.

"मी त्या पाण्यात बोटसुद्धा घालत नाही," मावशी ठसक्यात म्हणाल्या. "मिशा असलेल्या कुणाच्या वाटेला जायचं नाही, हे लग्न झाल्यावरच ठरवलंय मी."

"तब्येत बरी असते तुमची?"

"इथे आलं की डोकं भणभणतं. घरी गेलं की उतरतं. वय झालं, दुसरं काय!"

एवढ्यात उरलेल्या दोघांतला एक मासा वाळूवरून सुटला. बाणासारखा सरळ वर गेला, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावले आणि तितक्याच वेगाने खाली परतला.

"खेळतोय गडी," मास्तर म्हणाले.

"खेळत नाही, कप्तान." म्हातारा पहिल्यांदाच बोलला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. "तळाशी काम, वर श्वास. आम्ही तसेच." आणि त्याने मास्तरांचीच बाही धरून तीनदा ओढली.

मास्तरांनी आपल्या बाहीकडे पाहिले. त्या ओढण्यात वेडाचा झटका नव्हता. दार वाजवताना असते तशी ती मोजून केलेली ओढ होती.

"बाबा बंदरावर पाणबुडे होते," सून म्हणाली. "जहाजांचे तळ दुरुस्त करायचे. तरुणपणी हे त्यांच्यासोबत असायचे. वर राहून हवेची नळी आणि दोरी हेच सांभाळायचे."

"जुनी गोष्ट आहे," मुलगा म्हणाला. "आता मी घराघरांत हीटर बसवतो. माणसं कोरडी असतात, तेवढं बरं वाटतं."

"हाही तुम्हीच बसवलात?"

"दुसरा कोण बसवणार? घरचा मिस्त्री."

घारबाई टाकीपाशी वाकल्या. "बुडबुड्यांचा पंप नाही वाटतं."

"आवाजानं बाबांना झोप येत नाही," सून म्हणाली. "पाणी फिरवणारी मोटर आहे तेवढी, पाण्याच्या आतच."

"या खोलीत आणखी कोण झोपतं?"

"आमची मुलगी झोपायची, आजोबांच्या गोष्टी ऐकत. हिवाळा लागला तसा ह्यांनी तिचा पलंग आमच्या खोलीत नेला. आजोबा घोरतात म्हणे."

"मी घोरत नाही," म्हातारा पुटपुटला.

"आणि पहिला मासा? पलंग हलवण्याआधी मेला की नंतर?"

सुनेने आठवून पाहिले. "नंतर. त्याच आठवड्यात."

घारबाईंचे डोळे हीटरच्या ज्योतीवर जाऊन बसले, तिथून ओल्या काचांवर आणि मग मास्तरांवर. "मास्तर, येताना या घराची नळी पाहून थबकला होतात ना तुम्ही?" मास्तर उत्तर देणार, तोच त्यांनी पुढे होऊन हीटर बंद केला आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

"अहो, थंडी बाधेल त्यांना!" मुलगा ओरडला.

"बाधू दे. मावशी, बाबांना घोंगडीत गुंडाळून अंगणातल्या बाकावर बसवा. आपण सगळेच बाहेर जाऊ. आणि कुणी या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही."

त्या स्वतः मात्र खोलीतली हवा पालटेपर्यंत थांबून पुन्हा आत गेल्या. बराच वेळ लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला.

दिवस कलला. बाकावर म्हातारा घोंगडीतून नुसते नाक बाहेर काढून बसला होता. पाण्यातून वर काढलेल्या माणसासारखा तो एकेक श्वास चाखून घेत होता. अंधार पडता पडता त्याने मास्तरांकडे रोखून पाहिले.

"तुम्ही कप्तान नाही."

"नाही."

"नखात रंग आहे. चित्रकार की रंगारी?"

"चित्रकलेचा मास्तर," मास्तर चपापून म्हणाले. सुनेने तोंडावर हात धरला. कितीतरी दिवसांत बाबांनी नवा माणूस असा ओळखला नव्हता.

"हाच माझा पुरावा," पायरीवर उभ्या घारबाई म्हणाल्या. "माणूस वेडा झालेला नाही. माणूस गुदमरलाय."

मुलगा फाटकाला टेकून उभा होता.

"आपण सगळे तळ शोधत बसलो," घारबाई बोलू लागल्या. "वाळूत विष, खाण्यात विष. सूनबाईंनी सगळं तपासलं आणि सगळं स्वच्छ निघालं, कारण विष पाण्यात नव्हतंच. पट्टेरी मासे पाण्यातली हवा घेतात, म्हणून ते वाचले. हे मिशीवाले राहतात तळाशी, पण अधूनमधून वर येऊन खोलीतली हवा गिळतात. मास्तर, तो खेळत नव्हता. ज्या हवेत बाबा झोपतात तीच हवा तो प्यायला आला होता."

मास्तरांना ती पिवळी ज्योत आठवली आणि कानशिले तापली. तिचा रंग त्यांना सुंदर वाटला होता.

"निरोगी हीटरची ज्योत निळी असते. पिवळी झाली, काचांना घाम फुटला, मावशींचं डोकं याच खोलीत चढायला लागलं, बाहेरच्या नळीतून वाफ येईनाशी झाली. म्हणजे जळलेला वायू बाहेर जातच नव्हता. त्याला रंग नाही, वास नाही. तो आधी आठवण खातो, मग माणूस."

"नळीत पाखरानं घरटं केलं असेल," मुलगा म्हणाला. "हिवाळ्यात होतं तसं."

"बाहेरच्या तोंडाची जाळी शाबूत आहे." घारबाईंनी मूठ उघडली. तीत काजळलेल्या पांढऱ्या लोकरीचा बोळा होता. "नळीचा सांधा आतून उघडून हे कोंबलंय. न जळणारी लोकर, गरम नळ्यांभोवती गुंडाळतात ती. सांधा उघडायला पाना मी तुमच्याच हत्यारांच्या पेटीतून घेतला, आणि लोकरीची उरलेली गुंडाळीही तिथेच पाहिली. बाबा म्हणाले होते, डोकं ठिकाणावर आहे तोवर हलणार नाही. मग डोकंच हलवायचं ठरलं. मेलेले मासे आयतेच मदतीला आले."

"हे माझ्या हातून चुकून..."

"चुकून?" सुनेचा आवाज चिरला. "अहो, पहिला मासा मरायच्या आधी तुम्ही आपल्या मुलीचा पलंग तिथून काढलात."

शेजारच्या नळ्या अंधारात पांढरे श्वास सोडत होत्या.

"एक गोष्ट मला कळली नाही," मास्तर हळूच म्हणाले. "ती बाही ओढणं. तीनदा."

"ते त्यांनाच विचारा," घारबाई म्हणाल्या.

म्हातारा उठला. घोंगडी सावरत, पायांनी जमीन चाचपत तो फाटकापर्यंत गेला. "तळाशी आवाज पोचत नाही, मास्तर. दोरीच बोलते. एक हिसका, मी ठीक आहे. दोन, नळी सैल सोड. तीन, हवा बिघडली, वर ओढ." तो मुलासमोर थांबला. "आणि वरच्यानं तितकेच हिसके परत द्यायचे. म्हणजे खालच्याला कळतं, वर कुणीतरी आहे. हा पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होता. एकदासुद्धा उत्तर द्यायला चुकला नाही."

त्याने मुलाची बाही चिमटीत धरली. त्याने ती ओढली. एकदा. दोनदा. तीनदा.

मग मान वर करून वाट पाहिली.

मुलाने वडिलांच्या बोटांकडे पाहिले. त्याचा हात क्षणभर उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. मग त्याने बाही हळूच सोडवली, फाटक उघडले आणि वाफांच्या त्या रांगेतून तो चालत गेला.